हळू दळण शेवटी

जून लागला की आमच्या गावात पोरींचे फोटो निघायला लागतात. एरवी लग्न ठरवायचं असल्याशिवाय पोरीचा फोटो कुणी काढत न्हाई. पण जूनमधी भिंतीला पांढरी चादर ठोकतात, पोरी केसाला पाणी लावून, ओढणी बराबर बसवून चादरीपुढं उभ्या राहतात आणि मोबाईलसमोर श्वास धरतात. निकाल लागलेला असतो. रानात ढेकळं तापलेली, नांगरटीची धूळ दारापर्यंत आलेली, आणि त्या धुळीत ती एक पांढरी चादर. यंदाबी लागली. मी ओट्यावरून पाहिली आणि मागच्या वर्षीचा जून घशाशी आला. कडूच आला.

लोक म्हणतात, म्हाताऱ्याला राग यायला काय लागतं. बराबर आहे. मला राग जल्दी येतो आणि उशिरा जातो, आणि काही राग तर गेलेलेच न्हाईत. पण मी बिनकारणाचा रागावत न्हाई. माणसाला दारात उभं करून 'नंतर ये' म्हणणारा दिसला की मला राग येतो. पूर्वी असं म्हणायला माणूस लागायचा. आता फोनच म्हणतो. पांढऱ्या पडद्यावर एक गोल फिरत राहतं, फिरता फिरता थांबतं, आणि खाली अक्षरं येतात, 'कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.' मी चौथीपर्यंत शिकलो, तेवढं वाचता येतं. 'कृपया' शब्दाची मला मागच्या जूनपासून चीड आहे. पूर्वीचे लोक हाकलताना निदान कृपया म्हणत नव्हते.

मागच्या जूनमधी मी जालन्याला होतो. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. पोराची पोर, सुजाता, मस्तगडला एका जुन्या माडीवर खोली घेऊन राहते, तिच्याकडं मला ठेवलं होतं. एका डोळ्यावर हिरवं फडकं आणि दुसरा डोळा आधीच अधू, त्यामुळं तो महिना मला दिसला कमी आणि ऐकू जास्त आला. सकाळी खालच्या दुकानांची शटरं वर जायची. कुणीतरी पायरीवर पाणी मारायचं, ओल्या दगडाचा वास जिन्यानं वर यायचा. मंग सुजाता फरशीवर मांडी घालून बसायची, पाटावर लॅपटॉप ठेवायची, आणि टकटक सुरू व्हायची. सुगरण चिमणी घरटं विणताना करते तसली, थांबून थांबून.

ती कंप्युटरचं शिकली. एका लहानशा कंपनीत आहे. त्या कंपनीनं एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाची वेबसाईट केलती. वसतिगृह जालन्यात, जागा थोड्या, आणि संस्थेनं ठरवलं होतं की अर्ज फक्त फोनवरून घ्यायचा, पोरीचा फोटो आणि गुणपत्रिकेचा फोटो त्यात चढवायचा, आणि जिचा अर्ज आधी पुरा होईल तिला जागा. ती वेबसाईट ज्या मशीनवर चालते त्याला सर्व्हर म्हणतात. तो सर्व्हर सांभाळायचं काम सुजाताचं.

आणि गावाकडं आरती होती. आमचं गाव पिंपळगाव रेणुकाईच्या पलीकडं, भोकरदन तालुक्यात. आरती आमच्या गावच्या विष्णूची पोर, बारावी चांगली पास झालेली. जालन्याला जाऊन पुढं शिकायचं म्हणून हटून बसलती. विष्णूनं सांगून टाकलं होतं की वसतिगृह मिळालं तर शिक, न्हाई मिळालं तर रोज कोण नेऊन सोडणार, घरी बस. आणि घरी बस म्हणजे काय ते पोरीला ठाऊक होतं. मावशीनं एक स्थळ आणूनच ठेवलं होतं. मी ऑपरेशनला निघायच्या आधी ती माझ्या ओट्यावर आली, आमच्या तांब्यातलं पाणी प्याली आणि म्हणाली, "आबा, सुजाताताईनं कसं केलं ते सांगा. मला तसंच करायचंय."

मी म्हणलं, तुझा नंबर लागंल. मी शब्द देतो. शब्द देताना माझ्या हातात काय होतं? काहीच न्हाई. पण म्हाताऱ्या माणसानं दिलेला शब्द परत घेता येत न्हाई.

अर्ज उघडायचा तो दिवस. सकाळी दहाला दरवाजा उघडणार होता. मी त्याच्या आधीच गावाकडं फोन लावून हुकूम सोडला होता, की एकाच फोनवरून अर्ज भरत बसू नका. घरातले सगळे फोन काढा, शेजाऱ्याचेबी घ्या, आणि सगळ्यांवरून आरतीचाच अर्ज लावा. एकतरी आत घुसंल. विष्णूनं ऐकलं. नुसतं त्यानं न्हाई, ज्या ज्या घरात अर्ज भरायची पोर होती त्या सगळ्यांनी ऐकलं. ज्या लोकांना पिढ्यान् पिढ्या दारात थांबवलंय ते एका हातानं दार वाजवत न्हाईत. दोन्ही हातांनी वाजवतात, आणि शेजाऱ्याला म्हणतात, तूबी वाजव. मला आजबी त्यात काही गैर वाटत न्हाई.

दहा वाजले. टकटक वाढली. मंग एकदम थांबली.

सुजाता काही बोलली न्हाई. तिचं न बोलणं मला ओळखू येतं, तिची आजी तसंच करायची, दूध उतू गेल्यावर. मी विचारलं काय झालं माय, तर म्हणाली अडकलंय. मंग तिच्या साहेबांचा फोन आला. हात मोकळे राहावे म्हणून तिनं तो स्पीकरवर टाकून पाटाच्या कडंला ठेवला, म्हणून मला सगळं ऐकू आलं. साहेब सांगून राह्यला होता की संस्थेचे फोनवर फोन येताहेत, कुणाचंच पान उघडत नाही, काय करून ठेवलंयस.

तिनं मला नंतर समजावलं तसं सांगतो. सर्व्हरच्या आत कामकरी असतात. माणसं न्हाईत, मशीनच्याच पोटातले, त्यांना वर्कर म्हणतात. बाहेरून एक जण आला की एक वर्कर त्याला धरतो, त्याचं काम पुरं होईपर्यंत सोडत न्हाई. किती वर्कर ठेवायचे त्याला लिमिट असते. सगळे वर्कर गुंतले की बाकीचे बाहेर रांगेत, आणि रांगबी भरली की 'कृपया'. त्या सकाळी सगळे वर्कर गुंतलते.

साहेब म्हणाला, लिमिट वाढव. मीबी इकडून म्हणलं, वाढव की. त्या एका गोष्टीत माझं आणि साहेबाचं एकमत झालं, हे मला आजपर्यंत आवडलेलं न्हाई. सुजाता म्हणाली, मेमरी पुरायची नाही. साहेब म्हणाला, आधी वाढव, मग बघू. तिनं वाढवली. थोडा वेळ बरं चाललं. मंग मशीनच मेलं. म्हणजे आधी दार तरी होतं, आता घरच बसलं. एवढ्या वर्करांना बसायला मशीनच्या पोटात जागाच नव्हती, ते एकमेकांच्या अंगावर पडले.

मी काहीतरी बोलणार होतो. तिनं न बघताच हात वर केला, थांबा म्हणून. मी थांबलो. मला थांबवणारी या जगात ती एकच.

मशीन परत उभं केलं, लिमिट जुन्या जागी नेली, आणि यावेळी वाढवायच्या भानगडीत न पडता ती नुसतं बघत बसली. कोणता वर्कर काय करून राह्यलाय ते. बराच वेळ बघितलं. मंग हसली, पण आनंदाचं हसू नव्हतं ते.

"आबा, कामाचा लोड नाहीच आहे. मशीन रिकामं बसलंय. सगळे वर्कर हात पुढं करून वाट बघत बसलेत."

कशाची वाट? फोटोची. जालन्यातल्या पोरीचा फोटो डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर येतो. आमच्याकडच्या पोरीचा फोटो त्या एका टॉवरच्या लायनीनं थेंब थेंब येतो. अर्धं कपाळ आलं, थांबलं. नाक आलं, थांबलं. तोवर तो वर्कर तिच्यासाठी हात पसरून बसलेला, त्याला दुसरं काम करता येत न्हाई. असे सगळेच वर्कर एकेका गावाकडच्या पोरीपाशी अडकून बसलते. सुजातानं आधी सगळं तपासलं होतं, पण तपासलं ते ऑफिसातल्या लायनीवर, स्वतःच्या चांगल्या फोनवरून. हे ती स्वतःच म्हणाली. भोकरदनच्या पलीकडं जी वाढली तिलाच भोकरदनच्या पलीकडची लाईन आठवली न्हाई. शहर माणसाला असं करतं, त्याचा राग मी तिच्यावर काढत न्हाई, शहरावर काढतो.

तिनं साहेबाला सांगितलं. साहेब खूश झाला. त्याला वाटलं सापडलं. म्हणाला, "मग सोपं आहे. ज्यांना दहा सेकंदांपेक्षा जास्त लागतंय त्यांना तोडून टाक. स्लो लोकांमुळे सगळ्यांना त्रास होतोय."

स्लो म्हणजे हळू. तेवढं इंग्रजी मला येतं. तो शब्द कानात गेला, आणि हिरव्या फडक्याखालच्या डोळ्यात कळ आली. कारण तो शब्द मी पूर्वी ऐकलेला होता. असाच, मराठीत.

आमच्या गावात एकच पिठाची गिरणी होती, डिझेलच्या इंजिनाची. धुराड्याच्या तोंडावर डबा उपडा घातलेला असायचा, त्यामुळं पुक्‌पुक् आवाज साऱ्या शिवारात जायचा, गिरणी सुरू झाल्याचं त्यावरून कळायचं. दाजीबाची गिरणी. भिंतीला, कोळिष्टकाला, दाजीबाच्या भुवयांना पीठ. लोकांचे डबे रांगेनं लागायचे, ज्याचा डबा पुढं त्याचं दळण आधी. आमच्या वस्तीचे डबेबी रांगेत लागायचे. मंग दाजीबा यायचा आणि पायानं आमचे डबे बाजूला सारायचा. हळू दळण शेवटी, म्हणायचा.

त्यानं आमच्या जातीचं नाव कधी घेतलं न्हाई. नाव दळणाचं घेतलं. तुमच्या ज्वारीत खडे असतात, म्हणायचा. ओल असते. गिरणीचा दगड अडतो, वेळ जातो, लोकांचा खोळंबा होतो. आणि खोटं नव्हतं ते. खडे असायचेच. आमची ज्वारी मजुरीची. खळ्यावरची चांगली रास मालकाच्या घरात गेल्यावर तळाला जे मातेरं उरायचं, मातीसकट झाडून काढलेलं, ते आमच्या पदरात पडायचं. आई निवडून निवडून थकायची, तरी दाताखाली कचकच यायची. म्हणजे खड्याची ज्वारी द्यायची तुम्हीच, आणि खडे आहेत म्हणून शेवटी ठेवायचं तुम्हीच. दिवस मावळायला आला, इंजिनाचा जीव गेला, की सांगायचे उद्या या.

आम्ही दीक्षा घेतली त्याच्यानंतर एक दिवस बाप गिरणीवर गेला. रांगेतला आपला डबा उचलला, डोक्यावर घेतला आणि काही न बोलता घरी आला. त्या दिवसापासून आईनं जात्यावर दळलं. तिच्या तळहाताला घट्टे पडले ते मरेपर्यंत गेले न्हाईत. मला लोक विचारतात, एवढी जुनी गोष्ट कशाला धरून बसता. मी म्हणतो, तुमच्या आईचा हात दाखवा, मंग बोलू.

तर ते सगळं मस्तगडच्या त्या माडीवर आलं. कुणी रेंज दिली न्हाई आमच्या गावाला. टॉवर एकच, तोबी वीज गेली की मुका. भारी फोन घ्यायला कुणापाशी काय आहे? आणि आता हे म्हणणार, तुम्ही हळू आहात, बाहेर व्हा.

खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट तेव्हा मनात आली. आरती ही दाजीबाची पणती. विष्णू त्याचा नातू. त्या घरची पोर आज रांगेत मागं ढकलली जाऊन राह्यली होती आणि दार माझ्या नातीच्या हातात होतं. मला याचं बरं वाटायला पाहिजे होतं का? वाट बघितली मी, वाटतं का बरं म्हणून. न्हाई वाटलं. नुसता राग आला, तोच, जुना, आणि त्याला आता कुणाची पणती आहे याच्याशी काही घेणं नव्हतं.

सुजाताचा आवाज चढत न्हाई कधी. तेव्हाबी चढला न्हाई.

"सर, त्या मुली हळू नाहीत. त्यांची लाईन हळू आहे. दहा सेकंद लावले तर ज्यांना शहरातली लाईन आहे त्या सगळ्या आत जातील आणि तालुक्यातली एकही जाणार नाही. आणि वसतिगृह तर तालुक्यातल्यांसाठीच आहे. जालन्यातली मुलगी वसतिगृहात कशाला राहील?"

साहेब म्हणाला, सुजाता, तत्त्वज्ञान नंतर. आता काय करणार ते बोल.

तिनं अर्धा तास मागितला. म्हणाली, दारात एक दुसरा बसवते. तो फार हलका असतो, त्याला मेमरी लागत नाही. हजार जणांचं सामान तो एकाच वेळी थेंब थेंब घेत बसू शकतो. एखादीचं सगळं आलं की मगच आतल्या वर्करच्या हातात देईल. वर्करला वाट बघायचं काम उरणार नाही. हे मी आधीच मागितलं होतं, तुम्ही म्हणालात गरज नाही.  साहेब म्हणाला, अर्धा तास. नाही झालं तर दहा सेकंद लावायचे, आणि ते मी स्वतः लावीन.

तोवर तिनं दार सगळ्यांनाच बंद केलं. जालन्याच्या फोनलाबी आणि पिंपळगावच्या फोनलाबी. बंद ते बंद. मला ते तेवढं आवडलं.

खोलीत पंखा कुरकुरत होता. चहा केव्हाच निवला होता, वर साय धरलेली. मी मनात आरतीचा विचार करून राह्यलो होतो. ती पोर चादरीसमोर फोन धरून उभी असंल. विष्णू येरझाऱ्या घालत असंल. मावशीबी येऊन बसलेली असंल, तिला तर बसायचंच होतं.

मंग सुजातानं एकदम मला हाक मारली. आबा, तुमचा फोन कुठंय? माझा फोन म्हणजे तिनंच वापरून टाकलेला, काच तडकलेली. म्हणाली, खाली जिन्यात जाऊन उभे राहा. त्या जुन्या माडीचा जिना दगडी, भिंती हातभर जाड, तिथं रेंज मरते. म्हणाली, तिथून मला तुमचा फोटो पाठवा, गावातून येतो तसा हळू यायला पाहिजे.

एका डोळ्यानं, भिंतीला हात लावत, मी जिन्यात उतरलो. अंधारात फोन तोंडासमोर धरून फोटो काढला. मुलींच्या वसतिगृहाच्या दारातून तपासणीसाठी पहिला अर्ज गेला तो माझा, हिरवं फडकं बांधलेल्या थेरड्याचा. गोल फिरत राहिलं. वरून ती विचारायची, चालू आहे का? मी म्हणायचो, फिरून राह्यलंय. परत विचारायची. मी म्हणायचो, अगं फिरून राह्यलंय. खालचा दुकानदार डोकावला, म्हणाला बाबा इथं कशाला उभे, उजेडात बसा. मी म्हणलं, मला अंधारातच काम आहे. तो गेला, तर वरून सुजाताच्या हसण्याचा आवाज आला. माझा फोटो पुरा पोचला होता आणि तेवढ्या वेळात एकबी वर्कर माझ्यापाशी अडकला नव्हता. फोटो बघून ती हसत होती. म्हणाली, आबा, तुम्हाला जागा मिळाली.

दार उघडलं. मशीन दमलं न्हाई. अर्ज जायला लागले. साहेबाचा आवाज मऊ झाला. मी म्हणलं, आरतीचं बघ.

ती बघायला लागली आणि टकटक परत थांबली, सकाळसारखीच. गावाकडून अर्ज येऊनच राह्यले नव्हते. म्हणजे येत होते, पण थेंब थेंबबी न्हाई, दव पडावं तसे. एका आरतीचे चार-चार अर्ज, चार फोनांवरून. शेजारच्या पोरीचे तितकेच. त्या एका टॉवरवर सगळं गाव तुटून पडलेलं. सगळे मिळून एकाच भोकातून घुसायला बघत होते, त्यामुळं कुणीच घुसत नव्हतं.

"आबा, हे तुम्ही सांगितलं?"

मी सांगितलं, म्हणलं. का, दार वाजवायची बंदी आहे का?

ती चिडली न्हाई. म्हणाली, "माझ्याकडचं मी नीट केलं. गावातला टॉवर माझ्या हातात नाही. तो तुमच्या हातात आहे. एका पोरीमागं एकच फोन ठेवायला सांगा. बाकीचे बंद."

हे ती फार सहज बोलली. तिला कळलं न्हाई ती काय मागत होती. सगळा जन्म मी लोकांना सांगितलं, हात काढू नका, आवाज कमी करू नका, तुमच्या मागं कुणी उभं न्हाई. आता मीच फोन करून सांगायचं की हात काढा, एकच ठेवा, आणि भरवसा धरा. भरवसा कुणावर? मशीनवर? साहेबावर? जागा भरत चालल्या होत्या. मी हातात फोन धरून बसलो आणि नंबर लावला न्हाई. सुजातानंबी घाई केली न्हाई. तिनं फक्त लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. मला त्यात काही दिसणार नव्हतं, हे तिला माहीत होतं, तरी फिरवला.

मी विष्णूला फोन लावला.

तो ऐकायला तयार होईना. म्हणाला, "आबा, सकाळी तुमीच म्हणले सगळे लावा म्हणून."

"आता मीच म्हणतो बंद कर. पोरीचा एक ठेव. आणि गल्लीत फिरून सगळ्यांना सांग."

"आन् न्हाई लागला नंबर तर?"

"तर माझ्या दारात येऊन मला बोल. मी दार लावणार न्हाई."

 तिकडून चपलेचा आवाज आला, आणि विष्णू कुणाला तरी ओरडून सांगत होता, बंद करा रे, बंद करा, आबांनी सांगितलंय. त्याच्या आज्यानं माझ्या बापाला कधी धड हाक मारली न्हाई. अरे, ए, एवढंच. मी फोन कानाला धरून ठेवला तसाच.

त्यानंतरचा वेळ मला सांगता येत न्हाई. सुजाता अधूनमधून म्हणायची, येतोय. कपाळ आलं. डोळे आले. गुणपत्रिकेची वरची ओळ आली. तिला खरंच तसं दिसत होतं की मला बरं वाटावं म्हणून म्हणत होती, मी विचारलं न्हाई. खाली दुकानात कुणीतरी लोखंडाचा पाईप फरशीवर टाकला, त्याच्या आवाजानं मी दचकलो, एवढंच आठवतं.

मंग माझा फोन वाजला. आरती.  म्हणाली, "आबा, हिरवी खूण आली. झालं."

मी म्हणलं, पाणी पी. दुसरं काय बोलणार.

संध्याकाळी साहेबाचा फोन आला. सुजाता पोळ्या करत होती म्हणून परत स्पीकरवर. संस्थेचे लोक फार खूश आहेत म्हणाला. मी त्यांना सांगितलं, म्हणाला, की आपण ग्रामीण भागाचा विचार आधीपासूनच केला होता. सुजाता तवा पुसत हो म्हणाली. मी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, जाऊ द्या आबा, काम झालं ना. न्हाई जाऊ देत मी. काम झालं ते झालं, पण 'आधीपासूनच' हा शब्द खोटा आहे, आणि खोट्या शब्दाला कुणी अडवलं न्हाई तर पुढच्या वर्षी तो छातीवर बिल्ला लावून येतो. तसंच झालं. यंदा मे महिन्यातच साहेबानं तिला परत विचारलं, की स्लो कनेक्शन तोडायचं का, त्यानं वेबसाईट अजून झटपट दिसंल. परत तिला तेच सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. एकदा सिद्ध झालेली गोष्ट आम्हालाच का दरवर्षी नव्यानं सिद्ध करावी लागते, याचं उत्तर मला कुणी दिलेलं न्हाई.

सुजाता म्हणते, लिमिट लागतेच आबा. नसली तर मशीन मरतं, तुम्ही बघितलंय. बघितलंय. अर्धं मानलंय मी. मशीनच्या पोटात मावतील तेवढेच आत घ्या, माझं काही म्हणणं न्हाई. पण बाहेर कोण राहणार, ते त्याच्या लायनीवरून, फोनवरून, गावावरून ठरवायचं असेल तर मी मेल्यावरबी माझं म्हणणं आहे.

आरती वर्षभर जालन्यात राहिली. दिवाळीला आल्ती, केस कापले होते, आईनं रागावलं होतं. मला ते केस चांगले दिसले.

आज सकाळी दहाला यंदाचा अर्ज उघडायचा होता. त्याच्या थोडं आधी विष्णू आला. ओट्यावर बसला, इकडचं तिकडचं बोलला, सरकी कुठली आणली, वीज कधी गेली. मी ओळखलं. शेवटी म्हणाला, मेव्हणीची पोर आहे आबा, आपल्या इथूनच अर्ज भरून राह्यलोय. आपली सुजाताच आहे तिथं. तिला तेवढं सांगता का, पोरीचं नाव आधी घ्यायला. आतूनच.

मला आतून काय काय आलं ते मी सांगत न्हाई. ज्याच्या पोरीसाठी माझी पोर साहेबासमोर उभी राहिली, तो मला म्हणतो, रांग मोड. मी म्हणलं, "विष्णू, तुझ्या आरतीचं नाव कुणी आधी घेतलं नव्हतं. तिचा नंबर होता, तिला मिळाला. तू त्याला उपकार समजलास?"

त्यानं मान खाली घातली. म्हणाला, तसं न्हाई आबा. मंग म्हणाला, सगळेच करतात.

"माझी पोर करत न्हाई. आणि तुझ्यासाठी तर बिलकुल करणार न्हाई. काढ फोन. एकच काढ."

मला वाटलं उठून जाईल. रांगेत थांबायची सवय त्या घराला न्हाई. पण त्यानं खिशातून फोन काढला, फोटो लावला, आणि अर्ज पाठवला. पांढऱ्या पडद्यावर गोल फिरायला लागलं. तो त्याच्याकडं बघत बसला, मी त्याच्याकडं बघत बसलो. ऊन ओट्यावर चढत होतं. दोनदा त्याचा अंगठा बंद करायला खाली आला, परत पहिल्यापासून लावावं म्हणून.

मी त्याचं मनगट धरलं. म्हणलं, येऊ दे. हळू येऊन राह्यलंय, पण येऊन राह्यलंय.